दगडाला टाकी

वसुबारसेला सकाळी सातलाच
गिरणीच्या दारात सत्तावीस डबे.
झाकणावर खडूनं आडनाव,
आत कुणाचे हरभरे, कुणाची भाजणी,
कुणाचे सावलीत वाळवलेले अनारशाचे तांदूळ,
आणि सगळ्यांच्या तोंडी एकच:
तेवढं माझं पहिलं घ्या की.

मंगळवार पेठेत बावीस वर्षं हेच ऐकतेय.
मगदूम काकूंना दिवस मावळायच्या आत हवं,
नंतर त्यांच्या घरात चूल पेटत नाही.
इंगवल्यांच्या सुनेला दुपारच्या बसनं इचलकरंजी गाठायचीय.
शमाभाभी म्हणते, माझं रोजचं गहूच, मागं राहिलं तरी चालतंय,
आणि तिथंच उभी राहते.

दळायचा क्रम माझ्या बोटांत असतो.
तांदळावर भाजणी चालते, भाजणीवर तांदूळ नाही.
हरभऱ्यामागून गहू घातला
की चपातीला बेसनाचा वास, अन् शिव्या मला.
आधीचं मागच्यात उतरतंच.
गिरणीत कळतं हे. घरात कळत नाही.
किल्ल्याची माती पायरीवर सांडली म्हणून
सकाळी धाकट्यावर ओरडले,
तो ओरडा मग प्रत्येक डब्यात मिसळत राहिला.

अकराच्या सुमाराला पिशवीच्या तोंडाशी हात धरला.
पीठ गरम.
कोमट नव्हे, पोळणारं,
करपल्याचा वास येईल न येईल इतपत.
दगड गुळगुळीत झालेत, टाकी लावून महिना उलटला,
आणि मी चाक आवळतेय, आवळतेय,
बारीक यावं, लवकर यावं, सगळ्यांचं यावं.
दगड इतके जवळ आले
की दाणा दळत नाही, भाजतो.

परवा सीपीआरमधल्या डॉक्टरीणबाईंनी
दंडाला पट्टा बांधून सांगितलं: वरचा एकशे सत्तर.
मी म्हणाले, दिवाळी झाल्यावर बघू.
त्या म्हणाल्या, त्याला दिवाळी कळत नाही.

खटका पाडला.
पट्टा फटफटत मंदावला, थांबला,
आणि गल्ली एकदम ऐकू आली:
कढईत पडलेली चकली, तालमीत कुणीतरी ठोकलेला शड्डू,
मावळे कुठल्या बुरुजावर, यावरून पोरांचं भांडण.

"लाइट गेली काय ओ?"
लाइट आहे. मीच थांबलेय.
दगडाला टाकी लावते. दीड तास.
"आज?"
आजच.

इंगवल्यांची सून डबा उचलून दुसऱ्या गिरणीकडं गेली.
पायरी उतरताना तोंडातल्या तोंडात जे म्हणाली
ते बरोबरच होतं, तिची बस होती.
आणखी दोन डबे गेले. खडूचे नंबर पुसले.
पुसताना हात अडला, खोटं कशाला बोलू.

वरचा दगड उतरवायला शमाभाभीनं हात लावला.
चष्मा, हातोडी, छिन्नी.
मधून कडेकडं एकेक रेघ. टक्. टक्.
खोल गेली तर जाडंभरडं येतं,
उथळ राहिली तर पुन्हा गरम.
हे घाईत होणारं कामच नाही,
म्हणून तर महिनाभर राहिलं होतं.

मगदूम काकू स्टुलावर टेकल्या.
बराच वेळ माझ्या हाताकडं बघून म्हणाल्या,
यंदा अनारसे नकोतच.
दरवर्षी फसतात, दरवर्षी मी रडते,
आणि खातंय कोण?
तांदूळ उचलून घरी गेल्या, आंबोळीला.

साडेबाराला चाक फिरवलं, हळू.
पहिलं पीठ दगडाच्या कचेचं, ते बाजूला काढलं.
मग पिशवीखाली हात धरला,
आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

दिवस मावळेपर्यंत सतरा झाले.
उरलेल्या सहांवर खडूनं लिहिलं: उद्या.

कचेचं पीठ घरी नेलं. धाकट्याला म्हटलं,
घे, तुझ्या किल्ल्याच्या वाटेवर पसर, पांढरी दिसेल.
त्यानं पुडी उघडून बघितली.
"एवढंच?"